कपिलधारेचा उन्हाळा

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली कीं शहरांतील घरांत एक निराळेंच वारें वाहूं लागतें. पाटीदप्तर खुंटीला टांगलें जातें, आंब्याच्या अढीचा वास माजघरांत दरवळतो, आणि मामाच्या गांवाच्या गोष्टी निघतात. वर्षभर शाळेंत शिकलेल्या मुलानें दोन महिने विसावा घ्यावा, असा या सुट्टीचा साधा अर्थ आहे. परंतु बालाघाटाच्या डोंगरांत अशीं हजारों घरें आहेत कीं जेथें हा अर्थ लागूच पडत नाहीं. तेथील मुलें सुट्टी लागण्याच्या सुमारास घरीं परत येतात. आणि शाळा भरांत चालू असते तेव्हां तीं गांवांतच नसतात.

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, डोंगराच्या कुशींत कपिलधार हें क्षेत्र आहे. पावसाळ्यांत तेथील कड्यावरून धबधबा कोसळतो आणि सारी दरी हिरवीगार होते. मन्मथस्वामींची समाधि येथें आहे. वीरशैव परंपरेंतील या सत्पुरुषानें ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठींत लिहिला, आणि त्याची पोथी मराठवाड्यांतील अनेक घरांत आजहि वाचली जाते. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास समाधीच्या दर्शनास दूरदूरच्या दिंड्या येतात आणि ही एरवीं शांत असणारी दरी माणसांनीं फुलून जाते.

याच दिवसांत याच डोंगरांतून दुसरीहि माणसें वाट चालूं लागतात. पण तीं येत नसतात, जात असतात. दसरा-दिवाळी आटोपली कीं ऊंसतोडणीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणें, सोलापूर आणि थेट कर्नाटकांतील कारखान्यांच्या दिशेनें निघतात. बीड हा या टोळ्यांचा मुख्य जिल्हा. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. मजुरी मोजली जाते ती माणसांवर नव्हे, कोयत्यावर. मुकादमाकडून हंगामापूर्वींच उचल घेतलेली असते, आणि ती दर टनामागें मिळणाऱ्या मजुरींतून फेडावयाची असते. कोरडवाहू जमीन, लहरी पाऊस आणि लग्नकार्याचा किंवा आजारपणाचा खर्च यांनीं गांजलेल्या कुटुंबास ही उचल नाकारणें सहसा परवडत नाहीं.

आईबाप निघाले म्हणजे मुलांचें काय करावयाचें हा प्रश्न प्रत्येक घरांत उभा राहतो. घरीं आजी असेल आणि तिचे हातपाय चालत असतील तर एखाददुसरें मूल मागें राहतें. नाहींतर बिऱ्हाडाबरोबर मूलहि गाडींत चढतें. फडाजवळच्या कोपींत नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, चूल पेटविते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा वाढ्यांच्या पेंढ्या बांधूं लागतो. टोळ्या परततात त्या बहुधा फाल्गुन-चैत्रांत. त्या वेळीं शाळेची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते, आणि पुढें थोड्याच दिवसांत शाळेला कुलूप लागतें.

अशा मुलाचें नांव पटावर असतें, वयाप्रमाणें तें वरच्या वर्गांतहि जातें; परंतु अक्षर मात्र मागेंच राहतें. पांचवींत बसलेल्या मुलास दुसरीचें पुस्तक वाचतां येत नाहीं, अशी स्थिति झाली म्हणजे शाळेची गोडी उरत नाहीं, लाज तेवढी उरते. मुलगी मोठी झाली कीं तिला एकटीला गांवीं कोणाच्या भरंवशावर ठेवावयाचें, या काळजीनें तिचें लग्न लवकर उरकलें जातें, आणि पुढच्या हंगामांत एक नवा कोयता उभा राहतो. २०११ सालच्या शिरगणतींत बीड जिल्ह्याचें साक्षरतेचें प्रमाण सुमारें ७७ टक्के आढळलें. पुरुषांत तें सुमारें ८६ आणि स्त्रियांत सुमारें ६८ होतें. या दोन आंकड्यांमधील अंतरांत अशा अनेक मुलींचें बालपण गुंतलेलें आहे.

या दुःखाकडे कोणीं पाहिलेंच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. गांवांतच मुलें राहावींत म्हणून हंगामी वसतिगृहें सुरू झालीं. एका शाळेंतून निघालेल्या मुलास दुसऱ्या शाळेंत विनातक्रार बसतां यावें म्हणून शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धति आली. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क त्यानें दिला, आणि मागें पडलेल्या मुलास विशेष शिकवणी देऊन बरोबरीस आणण्याची तरतूदहि केली. २०२१ सालीं राज्य शासनानें ऊंसतोड कामगारांच्या मुलांसाठीं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना संत भगवानबाबांच्या नांवानें मंजूर केली. हे सर्व प्रयत्न आवश्यक आहेत. परंतु साखरशाळेंतील मूल टोळीबरोबर एका फडावरून दुसऱ्या फडावर हलतें. वसतिगृह उघडण्यास चार आठवड्यांचा उशीर झाला तर मूल तोंपर्यंत गाडींत बसून गेलेलें असतें. आणि चौदा वर्षांपुढच्या मुलामुलींस कायद्याची ती छाया पुरत नाहीं.

शिवाय या योजनांचें लक्ष मुख्यतः हंगामाच्या महिन्यांवर आहे, आणि तें साहजिकहि आहे. पण जे दोन-अडीच महिने मूल, आई, बाप आणि आजी हीं सर्वच गांवांत एकत्र असतात, त्या उन्हाळ्याचा विचार फारसा होत नाहीं. शाळेच्या दृष्टीनें तो रिकामा काळ. या मुलांच्या दृष्टीनें मात्र वर्षांतील एकमेव स्थिर काळ तोच आहे.

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल या समाजशास्त्रज्ञांनीं १९८२ पासून सुमारें ८०० मुलांच्या शिक्षणाचा मागोवा अनेक वर्षें घेतला. गरीब घरचीं मुलें शाळा चालू असतांना इतरांच्या बरोबरीनें शिकतात, पण उन्हाळ्याच्या सुट्टींत मागें पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील संशोधकांनीं त्यांच्या मापांविषयीं शंका काढल्या आहेत. तथापि शाळेबाहेरचा काळहि शिक्षणाच्या हिशेबांत धरला पाहिजे, हा विचार त्यामुळें दृढ झाला. बालाघाटांत हें गणित उलटें मांडावें लागतें. बाल्टिमोरचें मूल उन्हाळ्यांत गमावतें. बालाघाटचें मूल हिंवाळ्यांत गमावतें, आणि तें भरून काढण्याची संधि त्याला उन्हाळाच देऊं शकतो.

महिना-दीड महिन्यांत काय होणार, असा प्रश्न येथें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर बिहारमध्यें मिळालें आहे. मुंबईंत १९९५ सालीं स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेनें मुलांना इयत्तेप्रमाणें न बसवितां, त्यांना प्रत्यक्ष जेवढें वाचतां येतें त्याप्रमाणें गट पाडून शिकविण्याची पद्धति बसविली. २००८ च्या जूनमध्यें बिहारमधील सरकारी शिक्षकांनींच या पद्धतीनें महिनाभर उन्हाळी वर्ग चालविले, आणि मुलांच्या वाचनांत स्पष्ट सुधारणा दिसून आली. शाळेच्या चालू वर्षांत नुसतें नवें साहित्य व प्रशिक्षण देऊन मात्र शिक्षकांना तसा फरक पाडतां आला नाहीं. या प्रयोगांची मोजदाद करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो हे २०१९ चे नोबेल पारितोषिकाचे मानकरीहि होते. यांतून निघणारा बोध साधा आहे. पाठ्यपुस्तक पुरें करण्याची घाई बाजूस ठेवली, आणि ज्याला अक्षर येत नाहीं त्याला अक्षरापासून व ज्याला शब्द येतो त्याला शब्दापासून पुढें नेलें, तर थोडा काळहि पुष्कळ होतो.

महाराष्ट्रास स्वतःचाहि एक अनुभव आहे. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, १९६१ पासून ती राज्यभर पसरली आणि १९७२ सालीं युनेस्कोनें तिचा गौरव केला. गांवानें आपल्याच शिकलेल्या माणसांकडून आपल्या निरक्षरांना शिकवावें, आणि सर्व साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ करावा, अशी तिची रीत होती. गांवाची प्रतिष्ठा अक्षराशीं जोडली गेली, हें तिचें यश. पुढें वाचावयास पुस्तकें व सराव न मिळाल्यानें अनेकांचें अक्षर पुसलें गेलें, हा तिचा धडा. उन्हाळी वर्गानेंहि तो लक्षांत ठेवला पाहिजे. वर्ग संपला तरी मुलाच्या बिऱ्हाडाबरोबर दोन-चार पुस्तकें कोपीपर्यंत गेलीं पाहिजेत.

शाळेबाहेर शिकण्याची परंपरा या भूमीला नवी नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता, आणि तेथें उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. त्या काळांत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी विद्यालयाची संस्था यांनीं मराठी मुलांस आधार दिला. स्वामी रामानंद तीर्थांनीं दोन्ही ठिकाणीं अध्यापन केलें. त्याहूनहि जुनी रीत पोथीवाचनाची. सायंकाळीं देवळांत एकानें ओवी वाचावी, दुसऱ्यानें अर्थ सांगावा, आणि ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांनींहि ग्रंथ मनांत सांठवावा, असा तो सामुदायिक अभ्यास होता. ज्या गांवांत पोथीला श्रोते मिळतात, त्या गांवांत मुलांच्या वाचनालाहि श्रोते मिळणें अवघड नाहीं.

अशा वर्गाचें स्वरूप गांवाच्या दिनक्रमांतूनच ठरलें पाहिजे. वैशाखांत दुपारीं दगड तापतात. तेव्हां वर्ग सकाळीं सात ते नऊ भरावा. त्या वेळीं टँकर येत असेल तर मुलें घागरी घेऊन रांगेंत जाणार. तेव्हां टँकरची वेळ पाहून वर्गाची वेळ ठरावी. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच येणार. तिला परत न पाठवितां त्या धाकट्यासाठीं शेजारीं बालवाडी मांडावी. शिकविण्यास गांवचीच महाविद्यालयांत जाणारीं मुलेंमुली पुढें यावींत, आणि त्यांना कांहीं मानधनहि मिळावें. केवळ उत्साहावर दोन महिने निघत नाहींत. सायंकाळीं मारुतीच्या पारावर मुलांनीं मोठ्यानें वाचून दाखवावें, म्हणजे आईबापांसहि आपलें मूल शिकतें आहे हें कानांनीं कळेल.

मोठ्या मुलामुलींसाठीं अभ्यासाचा विषय घरांतच आहे. उचल किती, टनाचा दर काय, किती खेपा झाल्या, खाडे किती कापले आणि बाकी काय राहिली, हा हिशेब मुकादमाच्या वहींत असतो. आईबापांचा त्यावर अंगठा असतो. पंधरा वर्षांच्या मुलीनें तो हिशेब स्वतः मांडून पाहिला, बँकेचें पासबुक वाचलें आणि रुग्णालयाच्या वा रेशनच्या कागदावर काय लिहिलें आहे तें आईला सांगितलें, तर साक्षरता म्हणजे काय हें त्या घरास निराळें समजावून द्यावें लागत नाहीं. जिची शाळा मध्येंच सुटली, तिला मुक्त विद्यालयाच्या परीक्षेची वाटहि येथेंच दाखवितां येईल.

उन्हाळी वर्ग हा वसतिगृहाचा पर्याय नव्हे. पांच महिन्यांची हानि दोन महिन्यांत पुरती भरून निघेल, असेंहि समजूं नये. गांवांतच पोट भरेल असें पाणी आणि काम मिळेल तेव्हांच मुलें बारा महिने शाळेंत बसतील, हें खरें. परंतु तो दिवस येईपर्यंत दरवर्षीं एक उन्हाळा हाताशीं असतो, आणि तो तसाच जाऊं देणें मुलांना परवडणारें नाहीं.

मृगाचा पाऊस पडला कीं कपिलधारेचा धबधबा पुन्हां वाहूं लागतो, आणि त्याच सुमारास शाळेचें दार उघडतें. उन्हाळ्यांत अक्षर ओळखूं लागलेलें मूल त्या दारांतून न लाजतां आंत जाईल, पावसाळाभर शिकेल, आणि कार्तिकांत टोळ्या निघतील तेव्हां गाडींत न चढतां गांवांतच राहण्याचा हट्ट धरील. त्या वेळीं वसतिगृहाचें दार उघडें असलें पाहिजे. आणि परिस्थितीनें त्याला जावेंच लागलें, तरी मुकादमाच्या वहींत बापाच्या नांवापुढें काय लिहिलें आहे, तें त्याला वाचतां येईल.