सफरीचे ओझे



‘सफारी’ हा शब्द आज इंग्रजी म्हणून जगभर वावरत असला, तरी तो मूळचा स्वाहिली भाषेतला. आणि स्वाहिलीत तो अरबीतून आला. मराठीतील ‘सफर’ हे त्याचेच भावंड होय. स्वाहिलीत त्याचा अर्थ केवळ ‘प्रवास’ एवढाच आहे. बसमध्ये बसून मावशीच्या गावी निघालेला माणूसही तेथे सफारीवरच असतो. वन्य पशू, उघडी मोटार आणि गळ्यातली दुर्बीण ही त्या शब्दावर मागाहून चढलेली पुटे आहेत, आणि सफरीच्या सामानाविषयीच्या पुष्कळशा गैरसमजुती या पुटांतूनच उपजल्या आहेत.

त्यांचा उगम पाहावयाचा असेल तर १९०९ साली मोंबासा बंदरात उतरलेल्या एका प्रवाशाकडे पाहावे. अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून नुकतेच उतरलेले थिओडोर रूझवेल्ट आपला पुत्र केर्मिट याच्यासह शिकारीसाठी व प्राणिसंग्रहासाठी पूर्व आफ्रिकेत आले. त्यांच्या तांड्यात सुमारे अडीचशे हमाल होते. मारलेल्या जनावरांची कातडी टिकावी म्हणून चार टन मीठ बरोबर घेतलेले होते. वाचनासाठी डुकराच्या कातड्याच्या बांधणीतील साठेक ग्रंथ होते. त्यांची पेटी साठ पौंडांहून किंचित कमी भरेल अशी बेतलेली होती, कारण साठ पौंड म्हणजे एका हमालाच्या डोक्यावरचा भार. सामान किती घ्यावे हा प्रश्न त्या काळी ‘माणसे किती लावावीत’ या प्रश्नात विरघळून जात असे.

आज हे सारे उलटले आहे. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. सफर आता केवळ पाहण्याची राहिली, आणि मिठाची जागा कॅमेऱ्याने घेतली. मासाई मारा किंवा सेरेंगेटी येथील गवताळ धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या लहान विमानांत प्रत्येक प्रवाशास साधारणतः पंधरा किलो सामान नेता येते, आणि त्यात हातातली पिशवीही धरलेली असते. शिवाय पिशवी मऊ हवी. विमानाच्या पोटातील जागा अडचणीची असते; तेथे पिशवी दाबून, वाकवून बसवावी लागते, आणि चाकांची टणक पेटी वाकत नाही. असा प्रवासी धावपट्टीच्या कडेला बसून पेटीतील अर्धे सामान उपसताना दिसतो, तेव्हा त्याच्याविषयी फारशी कणव वाटत नाही. ही अट त्याला तिकिटाबरोबरच कळवलेली असते.

जो विमानाने न जाता बसने, मातातूने (केनियातील वडापच ते) आणि पायी हिंडणार, त्याला तर पंधरा किलोही अधिकच. चाळीस ते पन्नास लिटरांची पाठपिशवी आणि दहा किलोंच्या आतबाहेरचे वजन, हा त्याचा मेळ. पिशवी घेताना कमरेचा पट्टा अवश्य पाहावा. भार खांद्यांवर नव्हे, तर कमरेच्या हाडांवर टेकला पाहिजे. दुकानात रिकामी पिशवी पाठीवर लावून आरशात पाहणे निरर्थक आहे. तीत दहा किलो तांदूळ भरून दोन जिने चढून पाहावेत.

कपड्यांविषयी सांगावयाचे तर तीन जोड पुरतात: एक अंगावर, एक वाळत, एक पिशवीत. टॉवेलऐवजी आपला साधा पंचा उत्तम. तो तासाभरात वाळतो, रात्री उशाला होतो आणि धुळीत तोंडाभोवती गुंडाळता येतो. कोरड्या ऋतूत ती तांबडी धूळ कॅमेऱ्याच्या भिंगापासून कानाच्या पाळीपर्यंत सर्वत्र बसते. विषुववृत्त म्हटले की माणूस उन्हाळी कपडे भरतो, ही मात्र मोठी चूक. गोरोंगोरो विवराचा काठ समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून उंच आहे. प्राणी पाहावयास निघण्याची वेळ पहाटेची, मोटारीचे छत उघडे, आणि जून ते ऑगस्ट हा तेथील थंडीचा काळ. आपल्याकडे थट्टेचा विषय झालेली कानटोपी तेथे अत्यंत सन्मानाने वापरता येते.

रंगांचाही विचार करावा लागतो. पांढरा रंग पहिल्याच दिवशी विटकरी होतो. निळा आणि काळा टाळावा तो वेगळ्या कारणाने: निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशी या दोन रंगांकडे ओढली जाते. तिला पकडण्यासाठी रानात टांगलेले फडके निळ्या-काळ्या कापडाचेच असतात. तशीच विजार घालून हिंडणारा प्रवासी म्हणजे चालताफिरता सापळाच, आणि या माशीचा डंख पातळ कापडातूनही लागतो. लष्करी ठिपक्यांचे कपडे तर घरीच ठेवावेत. युगांडासारख्या देशात नागरिकांना ते घालण्यास कायद्यानेच मनाई आहे.

आणखी एक कायदा आपल्या सवयींच्या थेट आड येतो. चपलांपासून चिवड्यापर्यंत प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून भरण्याची आपली रीत आहे. केनियाने ऑगस्ट २०१७ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी घातली. तीत जबर दंडाची आणि कारावासाचीही तरतूद आहे. टांझानियाने जून २०१९ मध्ये तेच पाऊल उचलले. त्यापूर्वी गावांच्या वेशींवर या पिशव्यांचे ढीग साचत आणि चरणारी गुरे त्या गिळत, हे ज्याने भारतीय शहरांत पाहिले आहे त्याला निराळे समजावून सांगावयास नको. जुन्या साड्यांच्या किंवा धोतराच्या शिवलेल्या पिशव्या हा त्यावरील घरगुती उपाय.

दुर्बीण मात्र प्रत्येकाची स्वतंत्र असावी. झाडावरचा बिबळ्या दोन मिनिटे दिसतो आणि दुर्बीण हातोहात फिरू लागली की तिसऱ्याला फांदीच दिसते. आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरे. त्याहून शक्तिमान दुर्बीण मोटारीत हलत राहते. केनियातील विजेची खोबण तीन चपट्या पट्ट्यांची असते, भारतीय गोल खिळे तीत शिरत नाहीत. म्हणून जोडखिळा हवा. डॉलरच्या नोटा फाटक्या अथवा २००६ पूर्वीच्या नसाव्यात, त्या सहसा नाकारल्या जातात. फराळाचे डबे? त्यांची गरज नाही. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधावयास हजारो भारतीय मजूर गेले, त्यांच्या आगेमागे व्यापारी गेले, आणि ‘चपाती’ व ‘दुका’ हे शब्द आज स्वाहिली माणसाच्या तोंडी आहेत. रस्त्याकडेच्या खानावळीतही चपाती आणि हिरव्या मुगांची उसळ मिळते.

ज्यांना किलिमांजारो चढावयाचा आहे त्यांच्या बाबतीत ओझ्याचा प्रश्न पुन्हा रूझवेल्टच्या काळात जाऊन पोहोचतो. ५,८९५ मीटर उंचीच्या त्या पर्वतावर प्रवाशाचे सामान आजही हमालच वाहतात. त्यांच्या ओझ्याला वीस किलोंची मर्यादा आहे आणि वजन करण्याची व्यवस्थाही आहे. परंतु नियम जेथे डोळेझाक होते तेथे वाकतो. अपुऱ्या कपड्यांनिशी वर गेलेल्या हमालांना थंडीने प्राणास मुकावे लागल्याचे प्रसंग घडलेले आहेत. तेव्हा वर नेण्याच्या पिशवीत दुसरा जोड, तिसरा जोड, केस वाळवण्याचे यंत्र कोंबणाऱ्याने ते कोणाच्या मानेवर जाणार हे जाणून कोंबावे. उलट, जाताना जुने परंतु धड असे जाड मोजे, हातमोजे, लोकरी बनियन अवश्य न्यावे आणि उतरल्यावर तेथेच ठेवून यावे. पायथ्याच्या मोशी गावात हमालांना असे कपडे विनामूल्य उसने देणारी एक संस्था आहे. स्वतःसाठी लागणारी जाड निद्रापिशवी याच गावात भाड्याने मिळते. ती भारतातून वाहून नेण्याचे कारण नाही.

राहिली कागदपत्रे आणि औषधे. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य ठरते. ‘जाताना कोणी विचारले नाही’ म्हणून निश्चिंत राहू नये. विचारणा परततानाच होते. भारतात हा रोग नाही, परंतु तो पसरवणारा डास येथे विपुल आहे. त्यामुळे केनिया अथवा युगांडाहून प्रमाणपत्राविना परतणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. ते पिवळे पुस्तक पारपत्रात ठेवावे, बांधलेल्या पिशवीत नव्हे.

हिवतापाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ‘आमच्याकडेही हिवताप आहे, आम्हांला सवय आहे’ असे म्हणणारे प्रवासी भेटतात. पूर्व आफ्रिकेतील हिवताप प्रायः मेंदूपर्यंत जाणाऱ्या, जीवघेण्या जातीचा असून जुन्या क्लोरोक्विनला तो दाद देत नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, हे डॉक्टरांनीच ठरवावे. काही गोळ्या दोन दिवस आधी सुरू होतात, तर काही दोन आठवडे आधी. म्हणून डॉक्टरांची भेट निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मोजे घालावेत. स्वस्त खोल्यांतील मच्छरदाण्यांना हमखास भोक असते, तेव्हा सुई-दोरा आठवणीने घ्यावा. त्याचे वजन नगण्य, काम मोठे. जलसंजीवनीची पाकिटे आणि चष्म्याची दुसरी जोडी यांनाही हेच लागू.

गोळ्या मोजून घेताना प्रवासाचेच दिवस मोजण्याची चूक पुष्कळ जण करतात. प्रकाराप्रमाणे त्या परतल्यानंतरही सात दिवस ते चार आठवडे घ्यावयाच्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरच्या जेवणाच्या आनंदात त्या विसरल्या जातात. परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत, किंबहुना त्यानंतरही, ताप आला तर ‘हवा बदलली’ म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्त तपासावे, आणि डॉक्टरांपुढे बसताच आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे पहिल्या वाक्यात सांगावे.