कडुनिंबावरची खवले कीड

निफाड तालुक्यात किडीचा विषय निघाला की बोलणे द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणापाशी येऊन थांबते, आणि ओझरही त्याला अपवाद नाही. परंतु ज्या कडुनिंबाच्या निंबोळ्यांचा अर्क बागांमध्ये किडींवर फवारला जातो, त्याच कडुनिंबाच्या पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर पिठ्या ढेकणाचा एक दूरचा भाऊबंद बिनघोर नांदत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. साधारण दोन मिलिमीटर व्यासाच्या, चपट्या, फिकट तपकिरी टिकल्या पानाला चिकटलेल्या दिसतात व त्यांच्या भोवतालचा भाग पिवळा पडतो. तो रोगाचा डाग समजला जातो, पण प्रत्यक्षात प्रत्येक टिकली हे एका कीटकाचे छप्पर असते. या कीटकाचे शास्त्रीय नाव एऑनिडिएला ओरिएन्टॅलिस असून, न्यूस्टेड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये भारतातील नमुन्यांवरून त्याचे प्रथम वर्णन केले.

खवले किडींच्या मोठ्या परिवारात पिठ्या ढेकूण, लाखेचा किडा आणि मऊ खवले कीड अशी निरनिराळी कुळे येतात. कडुनिंबावरची ही जात कवचधारी खवले किडींपैकी; त्यांचे कूळ डायस्पिडिडी हे असून त्यात अडीच हजारांच्या आसपास जातींची नोंद आहे. या कुळाचे वैशिष्ट्य असे की कवच हा शरीराचा भाग नसतो. पोटाच्या टोकाकडील खंड एकमेकांत मिसळून झालेल्या पायजिडियम नावाच्या चपट्या भागातून मेणाचे तंतू बाहेर पडतात, कीटक त्या टोकाची हालचाल करीत ते विणतो आणि त्यातच आपली टाकलेली कात गुंफतो. म्हणून टिकलीच्या मध्याशी गडद ठिपका दिसतो. जातींची ओळखही याच टोकावरील दातेरी पाळ्या व ग्रंथींच्या मांडणीवरून, सूक्ष्मदर्शकाखाली, पटवावी लागते. कवचाच्या रंगावरून जात ठरवणे म्हणजे घराच्या कौलांवरून आतल्या माणसाचे नाव सांगण्यासारखे आहे.

मादीला पंख कधीच फुटत नाहीत, आणि पहिली कात टाकल्यावर तिचे पायही जातात. सुईसारखी सोंड पानात खुपसून ती त्याच जागी आयुष्य काढते. मावा किंवा पिठ्या ढेकूण रसवाहिनीतील गोड रस शोषतात व जादा साखर चिकट्याच्या रूपाने बाहेर टाकतात, त्यामुळे मुंग्या आणि काळी बुरशी येतात. कवचधारी कीड मात्र पेशींमधील द्रव्य शोषते, चिकटा सोडत नाही, म्हणूनच तिचा प्रादुर्भाव उशिरा उमगतो. नराला पंखांची एकच जोडी असते, तोंडाचे अवयव नसतात आणि तो अल्पकाळ जगतो. प्रसाराचे काम नवजात पिल्लांकडे असते. सहा पायांची ही पिवळसर पिल्ले काही तास ते एखाद-दोन दिवस फिरतात, वाऱ्यावर पसरतात, सोंड रोवतात आणि लगेच मेण विणू लागतात. फवारणीचा उपयोग होतो तो मुख्यतः याच अवधीत.

याच कुळातल्या, सफरचंदावरील सॅन होजे खवले किडीवर गंधक-चुन्याचे द्रावण फवारूनही ती मरेनाशी झाल्याचे अमेरिकेत मेलँडर यांनी १९१४ मध्ये नोंदविले, आणि कीटकनाशकाला दाद न देण्याची ती पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते. प्रस्तुत जातीनेही आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरात, १९८० नंतरच्या दशकात, लावलेल्या कडुनिंबांची मोठी हानी केली. भारतात मात्र ती सहसा मर्यादेत राहते, कारण चिलोकोरस निग्रिटा हा काळाभोर ढालकिडा आणि कवचाखाली वाढणारे बारीक परजीवी कीटक येथे मूळचेच आहेत. रस्त्याकाठच्या धुळीने या परजीवींचा वावर कमी होतो, हे फळबागांतील इतर खवले किडींबाबत दिसून आले आहे. त्यामुळे ओझरजवळच्या मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या झाडांकडे पाहताना पानावरील धूळही हिशेबात धरावी लागते. मेलेल्या किडीचे कवच महिनोन्महिने चिकटून राहते, म्हणून टिकल्यांची नुसती संख्या फसवी ठरते. नखाने कवच उचलल्यावर खाली पिवळे, ओलसर शरीर दिसले तर कीड जिवंत असते, कोरडा चुरा दिसला तर मेलेली, आणि कवचालाच नीटस गोल भोक असेल तर तेथून परजीवी केव्हाच बाहेर पडून गेलेला असतो.