ग्लास पांढरे निघतायत? मशीन नाही, पाणी तपासा

धाडला आमच्या घरी बोअरचं पाणी आहे. डिशवॉशरमधून ग्लास पांढुरके निघाले की आई म्हणते, "विकून टाक, मी हातानेच घासते." मेकॅनिकला बोलावण्याआधी ग्लासवर थोडं व्हिनेगर चोळा. डाग गेला, तर तो क्षार. नाही गेला, तर काचच झिजलीये. जड पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट भांड्यांवर बसतं. मशीनमधलं रेझिन कॅल्शियम आधीच धरून ठेवतं, आणि मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा कामाला लागतं. म्हणून डिशवॉशरचंच जाड मीठ भरा, खायचं नाही. टेस्ट स्ट्रिपने हार्डनेस मोजून सेटिंग लावा. खालचा फिल्टर दर आठवड्याला धुवा. बहुतेक वेळा एवढ्यावरच काम भागतं.