रिकामा डबा आणि डबाच नाही

आपल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज त्या कामातली एक छोटी गोष्ट सांगणार आहे. आजी-आजोबांनी रेडिओ बंद करू नये, कारण सुरुवात डब्यापासून आहे.

आमची मुलगी इथे इंग्लंडात प्राथमिक शाळेत होती. डबा नेला नाही, तर शाळेचं जेवण मिळायचं. डबा नेला, तर डबेवाल्या मुलांच्या बाकावर बसायचं. एकदा घाईत मी तिच्या दप्तरात रिकामाच डबा टाकला. संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, डबाच दिला नसतास तर मला जेवण तरी मिळालं असतं."

आता माझं काम. सी शार्पमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामची मेमरी डॉटनेट सांभाळतं. पण विंडोजची मूळ फंक्शन्स सीच्या पद्धतीची. त्यांना मेमरीतला पत्ता, म्हणजे पॉइंटर, द्यावा लागतो. "काहीच देत नाही" असं सांगायचं, तर पत्ता शून्य. हाच नल पॉइंटर.

फाइंडविंडो हे फंक्शन उघडी खिडकी शोधून देतं. त्याला खिडकीचा क्लास आणि शीर्षक सांगायचं. क्लासच्या जागी नल दिलं, तर अर्थ होतो "कोणताही चालेल". मी तिथे रिकामं अवतरण दिलं होतं. म्हणजे खरा पत्ता, खरा डबा, आत काही नाही! विंडोज बिचारं बिननावाचा क्लास शोधायचं. तो सापडणार कुठून?

दुसरी चूक त्याहून वाईट. खिडकी सापडली नाही की उत्तर शून्य येतं. सी शार्पमध्ये ते इंटपीटीआर या प्रकारात मिळतं. तो प्रकार म्हणजे एक आकडाच. तो कधीच नल नसतो. त्याची तुलना इंटपीटीआर डॉट झीरोशी करायची असते. मी नलशी केली. त्यामुळे "सापडली नाही" ही अट कधी खरी ठरलीच नाही. प्रोग्राम खुशाल पुढे जायचा आणि त्याचे निरोप कोणालाच पोचायचे नाहीत.

दोन दिवस शोधाशोध झाली. भर मीटिंगमध्ये मी नव्या सहकाऱ्याला म्हणालो, "तुझ्या भागात गडबड आहे." तो गप्प बसला. तिसऱ्या दिवशी माझ्याच दोन ओळी सापडल्या. माफी मागितली, तीही भर मीटिंगमध्येच. बोललो होतो सगळ्यांसमोर, तर माफी कोपऱ्यात कशी मागणार?

हे काम करणाऱ्या मुलामुलींसाठी आणखी दोन गोष्टी. रेफ लावलेल्या स्ट्रक्टच्या जागी साधं नल देता येत नाही. तिथे पॅरामीटर इंटपीटीआर म्हणून जाहीर करा आणि झीरो पाठवा. आणि अपयश म्हणजे नेहमी शून्यच असं धरू नका. क्रिएटफाइल अपयशी झालं की उणे एक देतं. प्रत्येक फंक्शनची माहिती वाचूनच तपासणी लिहा.

टोनी होअर यांनी 1965 साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी नल रेफरन्स आणला. 2009 मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. एवढा मोठा माणूस चारचौघांत चूक कबूल करतो, मग आपल्याला कसला कमीपणा?

मुलगी आता मोठी झाली आहे. घरातून निघताना ती अजून विचारते, "बाबा, डबा उघडून बघितलास ना?"

बघतो, श्रोतेहो. आता रोज बघतो. नमस्कार.