मोटर कोणी जाळली?

(रेगेन्सबर्गच्या गणेशोत्सवात केलेल्या छोट्याशा भाषणाचा मजकूर)

मोदकांचा वास सुटलेला असताना भाषण ऐकणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात आटपतो.

टेबलावरची ही करड्या ठोकळ्यांची क्रेन बघताय ना? मोटरसकट, इथल्याच एका फ्लोमार्क्टात बारा युरोला मिळाली. आमच्या सौ. म्हणाल्या, "अजून एक?" (घरात अशा अकरा पेट्या आहेत. असो.)

भिंतीत स्क्रू बसवायला सुतार जो प्लास्टिकचा 'फिशर' ठोकतो ना, तो 1958 साली शोधणारे आर्टुर फिशर यांचाच हा खेळ, फिशरटेक्निक. 1964 साली कंपनीच्या ग्राहकांना नाताळची भेट म्हणून त्यांनी तो तयार केला, आणि मग तो बाजारात आला. एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत सरकवायची, की झालं. फिशर 2016 साली, शहाण्णव वर्षांचे होऊन गेले. नावावर हजाराहून जास्त पेटंटं!

आमच्या छंदात दोन पंथ आहेत. एक पेटी न उघडणाऱ्यांचा. सील फुटलं की किंमत उतरते म्हणतात, आणि ते खरंही आहे. मी दुसऱ्या पंथातला. मोटर वर्षानुवर्षं पडून राहिली की तेल चिकट होतं, सेल आत राहिले असतील तर ते गळून पट्ट्यांवर हिरवं चढतं. ही क्रेनही तशीच मिळाली होती. पट्ट्या घासल्या, कम्युटेटर स्पिरिटने पुसला, तेलाचा एकच थेंब सोडला. तिसऱ्या रविवारी फिरली! गंमत म्हणजे मोटरच्या दांड्यावर वर्म आहे. त्यामुळे वीज बंद केली तरी उचललेलं ओझं खाली घसरत नाही.

सेलवरून आठवलं. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, त्याचं 1:35 हे माप ठरलं ते आत दोन सेल आणि गिअरबॉक्स मावायला हवेत म्हणून. पुढे तेच माप जगभर रूढ झालं. थोडक्यात, सगळं सेलवर असतं. आमच्या घरीही ते तसंच झालं.

ऐंशीच्या दशकात आम्ही डोंबिवलीला राहायचो. दोघा भावांत मिळून मेकॅनिक्सचा एक सेट होता, त्याची क्रेन हाताने फिरवायची. एकदा बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून छोटीशी मोटर आणली, सेलसकट. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर सेल गायब! मला काही धीर निघेना. मी दोन वायरी सरळ भिंतीतल्या प्लगात खुपसल्या. फट्! धूर, जळका वास आणि घरभर अंधार. मला काही झालं नाही हे नशीब. बाबा आल्यावर मी म्हणालो, "धाकट्याने केलं." त्याला एक सणसणीत थप्पड बसली. तो एक शब्दही बोलला नाही.

बाबा गेले, त्यांना सांगायचं राहूनच गेलं. ही मोटर फिरली त्या रविवारी मात्र मी भावाला फोन केला आणि एकदाचं कबूल केलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, सेल मी काढले होते. टॉर्चमध्ये घालायला. मला वाटलं, त्याचीच थप्पड."

चाळीस वर्षं दोघेही आपापल्या जागी गप्प!

डिसेंबरात ही क्रेन त्याच्याकडे डोंबिवलीला जाणार आहे. तोपर्यंत मुलांनो, या पुढे, एकेकाने बटण दाबा. सेल आत आहेत, मघाशीच मोजलेत.