लोकप्रतिनिधीचा ताळेबंद



लोकप्रतिनिधीची योग्यता कशी मोजावी? जिंकलेल्या निवडणुकांवरून मोजावी, तर श्री. राम नाईक यांचा हिशेब सोपा आहे. बोरिवलीतून १९७८, १९८० व १९८५ असे तीन वेळा विधानसभेत आणि १९८९ पासून उत्तर मुंबईतून सलग पाच वेळा लोकसभेत! परंतु या आकड्यांत त्या कारकिर्दीचे मर्म नाही.

१९३४ साली सांगलीत जन्मलेले नाईक वाणिज्य शाखेचे पदवीधर. महालेखापालांच्या कार्यालयात त्यांनी काही काळ नोकरी केली. १९६९ मध्ये नोकरीचा मार्गच सोडून त्यांनी जनसंघाच्या कार्याला वाहून घेतले. नोकरी सुटली; हिशेब देण्याची वृत्ती सुटली नाही. केलेल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा परिपाठ त्यांनी कसोशीने पाळला.

संसदेतील त्यांच्या प्रयत्नांची फळे आजही दिसतात. १९९२ मध्ये संसदेत ‘जन गण मन’ व ‘वंदे मातरम्’ यांचे स्वर निनादू लागले. खासदारांना स्थानिक कामांसाठी निधी मिळावा, हा त्यांचा आग्रह. डिसेंबर १९९३ मध्ये ती योजना सुरू झाली. प्रारंभी प्रत्येकी पाच लाख असलेली रक्कम २०११-१२ पासून पाच कोटी झाली. कायदे करणाऱ्यांनी रस्ते-गटारांत का लक्ष घालावे, अशी टीका या योजनेवर होते. ती अगदीच निराधार नाही. तिला खरे उत्तर एकच : पैशापैशाचा चोख हिशेब.

१९९४ मध्ये कर्करोगाने गाठले. त्यावर मात करून ते पुन्हा सभागृहात परतले. १९९९ ते २००४ या काळात त्यांनी पेट्रोलियम मंत्रालय सांभाळले. आणि २००४ मध्ये त्याच मतदारसंघाने चित्रपट अभिनेते गोविंदा यांना कौल दिला. २००९ मध्येही पराभव पदरी आला. लोकशाहीत कामाची पावती मतपेटीतून मिळेलच, असे नाही. हे सत्य कडू आहे. पण कार्यकर्त्याने ते पचवलेच पाहिजे.

२०१३ मध्ये त्यांनी निवडणुकीच्या राजकारणाचा निरोप घेतला. २०१४ ते २०१९ ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. राज्यपालाला मतदारसंघ नसतो. हिशेब मागणारे कोणी नसते. तरीही राजभवनातून वार्षिक अहवाल प्रसिद्ध होत राहिला! २०२४ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ने गौरविण्यात आले.

मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपल्या विचारांचा का असेना, मतदाराने एवढेच विचारावे : गेल्या पाच वर्षांचा अहवाल कोठे आहे?