होडीच्या तळांतील वजन



गेल्या हिंवाळ्यांत राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडींत बसून जंजिऱ्यास जाण्याचा योग आला. होडींत शहरांतील बरीच मंडळी होती. किल्ला जवळ येतांच चारपांच जण छायाचित्रें घेण्यासाठीं एकदम उठले, तोंच तांडेल ओरडला, "खालीं बसा, खालीं!" मंडळींना तो उद्धटपणा वाटला. वास्तविक तो तांडेल आपल्या होडीचें नीरम जाग्यावर ठेवीत होता. होडी कलंडूं नये म्हणून तळाशीं जें वजन घालतात त्याला नीरम म्हणतात. त्या दिवशीं त्या होडीचें नीरम म्हणजे आम्ही सर्व उतारू होतों.

हा विषय मला पुस्तकांतून कळला नाहीं. १९७९ सालच्या मार्च महिन्यांत मी एकोणीस वर्षांचा होतों. रेवदंड्यास आम्हीं दोघां मित्रांनीं बारा हात लांबीची एक जुनी होडी विकत घेतली आणि हौसेनें तिला पूर्वीपेक्षां उंच डोलकाठी व मोठें शीड चढविलें. परिणाम व्हायचा तोच झाला. थोडा वारा लागला कीं होडी कुशीवर जाई. कोणीसें सांगितलें कीं, वजन घाला म्हणजे बसेल. आम्हीं पंचवीस पंचवीस किलोच्या वाळूच्या चार गोणी आणल्या आणि तळफळ्यांवर नुसत्या ठेवून दिल्या. बांधण्याचें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं.

दुपारीं खाडीच्या मुखाशीं कोर्लईच्या डोंगराकडे जात असतां उजवीकडून वाऱ्याचा झोत आला. होडी डावीकडे कलली, आणि त्याबरोबर चारहि गोणी घसरत डाव्या बाजूस गेल्या. जें वजन तिला सांवरण्यासाठीं घातलें होतें त्यानेंच तिला खालीं दाबलें. कांठावरून पाणी आंत शिरलें. माझा धाकटा भाऊ, वय वर्षें बारा, शिडाखालीं सांपडला. तो हाताला लागेपर्यंतचा काळ किती होता तें मला आजहि सांगतां येणार नाहीं. जवळून जाणाऱ्या कोळ्यांच्या मचव्यानें आम्हांला वर घेतलें. होडी मात्र वाळूसकट बुडाली. ओहोटीला तिसऱ्या दिवशीं मिळाली.

मचव्याचा वृद्ध तांडेल रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "पोरांनो, वजन घातलंत, पण बांधलं नाही. मोकळं वजन वाऱ्याच्या बाजूचं असतं." पुढें मी छत्तीस वर्षें शाळेंत शिकविलें, पण गुरुत्वमध्यावरचा याहून चांगला पाठ मला देतां आला नाहीं.

आतां यांतील कारण पाहूं. होडीचें सर्व वजन ज्या बिंदूंतून खालीं ओढतें तो तिचा गुरुत्वमध्य. पाणी तिला वर रेटतें तें तिच्या बुडालेल्या भागाच्या मध्यांतून. होडी कलली कीं जी बाजू खालीं जाते ती अधिक बुडते, आणि पाण्याचा रेटाहि त्या बाजूस सरकतो. वजनाची ओढ व पाण्याचा रेटा यांत असें अंतर पडलें म्हणजे दोघें मिळून होडीला पुन्हां उभी करतात. गुरुत्वमध्य जितका खालीं तितकी ही जोडी बळकट. तो फार वर असला तर तीच जोडी होडीला उलथी पाडते.

हिशेब अगदीं सोपा आहे. माणसांसह होडी ५०० किलोची आणि गुरुत्वमध्य तळापासून ६० सेंटिमीटर उंचीवर आहे असें धरा. तळापासून १० सेंटिमीटरवर १०० किलो दगड रचले तर तो मध्य सुमारें ५२ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे आठ सेंटिमीटरांचा लाभ. पण नवें कांहींहि न घालतां, बांकावर बसलेलें १०० किलो वजन अर्धा मीटर खालीं तळाशीं आणून बसविलें, तर लाभ दहा सेंटिमीटरांचा! राजपुरीचा तांडेल ओरडत होता तें याच हिशेबानें. दगडांचा दंडहि भरावा लागतो. अशा होडीचें पाण्यावरील क्षेत्र पांच चौरस मीटर असेल तर १०० किलोंनीं ती सुमारें दोन सेंटिमीटर अधिक बुडते, आणि कांठ तेवढाच पाण्याजवळ येतो.

नीरम कशाचें असावें? आपला काळा कातळ पाण्याच्या जवळजवळ २.९ पट जड. कोरडी वाळू जेमतेम १.६ पट, शिसें ११.३ पट. शिसें उत्तम, पण महाग. चपटे दगड पठाणालगत, म्हणजे होडीच्या कण्यालगत, मध्यभागीं रचावे, फटींत लांकडी पाचर मारावी व वरून फळी घट्ट बसवावी. अर्धवट भरलेलें पाण्याचें पिंप कधींहि ठेवूं नये. त्यांतील पाणी आमच्या गोणींसारखेंच वागतें.

माणसांचें वजन तर त्याहून चंचल. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेंत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. लाटांचें पाणी आंत येतांच भयभीत उतारू एका बाजूस धांवले, असें त्या प्रसंगाविषयीं सांगतात. त्यांना दोष देणारा मी कोण? पण माणसें हेंच वजन, आणि तेंच सरकलें.

याच्या उलट उदाहरण गोव्यांत बांधलेल्या 'थुरिया' या शिडाच्या नौकेचें. २०१८ सालीं नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी तींतून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. सप्टेंबरांत दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत ती पूर्ण उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीस जबर इजा झाली. तरी नौका पुन्हां सरळ झाली, आणि तिच्याच आधारानें ते मदत येईपर्यंत राहिले. अशा नौकांना तळाशीं पक्कें जडविलेलें नीरम असतें आणि वरून ती झांकलेली असते.

उघड्या होडीची गोष्ट निराळी. तींत पाणी भरलें कीं दगड तिला तळालाच नेणार. म्हणून उघड्या होडींत दगड घालणाऱ्यानें बांकांखालीं हवेचीं बंद पिंपें बांधलींच पाहिजेत. केवळ वजनावर विसंबणें मला वेडेपणा वाटतो. आणि शीड लहान करणें हा उपाय तर फुकटचा असूनहि तरुणांना तो अपमानासारखा वाटतो.

१९८० च्या आरंभीं आम्हीं ती होडी दुरुस्त केली. डोलकाठी दोन हात कापली, दगड पाचरींनीं बसविले, पिंपें बांधलीं. मग कंबरभर पाण्यांत नेऊन कांठ पाण्याला टेंकेपर्यंत ती कलविली व सोडली, ती उठली. नंतर तींत मुद्दाम पाणी भरलें. ती कांठापर्यंत बुडाली, पण तरंगत राहिली. धाकटा भाऊ किनाऱ्यावर उभा राहून सर्व पाहत होता. पुनःपुन्हां बोलावलें, तरी तो होडींत आला नाहीं.